छोटी गाडी, मॅन्युअल की ऑटोमॅटिक: टेस्ट ड्राइव्हमध्ये कोणती दुखरी नस दाबून बघायची

पहिल्यांदा ऑटोमॅटिक गाडी चालवून बघायला गेलो, तेव्हा पहिल्याच सिग्नलला गाडीचा वेग उतरला आणि माझा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला. क्लच नव्हताच. पायाखाली आलं ते ब्रेकचं रुंद पेडल, आणि तेही क्लच दाबायच्या जोराने दाबलं गेलं. गाडी गचकन थांबली, शेजारी बसलेल्या सेल्समनचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला आणि मागच्या गाडीवाल्याने हॉर्नवर ठेवलेला हात उचललाच नाही. पुढची दहा मिनिटं मी गाडी चालवत नव्हतो, डावा पाय सांभाळत होतो. शोरूममध्ये परत आल्यावर सेल्समनने विचारलं, "कशी वाटली?" मी म्हणालो, "छान आहे." वास्तविक गाडीबद्दल मला काडीचीही माहिती मिळालेली नव्हती.

बहुतेकांची टेस्ट ड्राइव्ह थोड्याफार फरकाने अशीच होते. मोकळा, सपाट रस्ता, गाडीत दोघंच माणसं, एक चक्कर आणि परत. अशा रस्त्यावर कुठलाही गिअरबॉक्स चांगलाच वाटतो. पण प्रत्येक गिअरबॉक्सची एक दुखरी नस असते, आणि ती प्रत्येकाची वेगळी. ती कुठे आहे हे आधी माहीत असेल तर तीच दहा मिनिटं कामाला येतात.

मुळात गिअर लागतात कशाला, इथून सुरुवात करू. पेट्रोल इंजिनाची एक अडचण आहे: ते थांबलेल्या अवस्थेत जोर लावू शकत नाही. सायकलवर आपण उभे राहून पायडल दाबतो तसं त्याला जमत नाही. निदान 700-800 आरपीएमने, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांनी, ते फिरतच राहावं लागतं, नाहीतर बंद पडतं. आणि खरा जोर, म्हणजे टॉर्क, त्याच्या बराच वर, साडेतीन-चार हजारांच्या आसपास मिळतो. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन साधारण 90 न्यूटन-मीटर टॉर्क देतं. एवढ्याशा जोरावर पाच माणसं भरलेली गाडी चढावर हलवायची तर हा जोर कितीतरी पटीने वाढवून चाकापर्यंत पोचवावा लागतो.

हे वाढवण्याचं काम गिअरबॉक्स करतो, आणि त्याची किंमत वेगाच्या रूपात वसूल करतो. एक उदाहरण आकड्यात मांडतो. समजा पहिल्या गिअरचं प्रमाण 3.5, पाचव्याचं 0.8, पुढे डिफरन्शियलचं (चाकांआधीच्या शेवटच्या दातेरी चाकांच्या जोडीचं) 4.1 आणि चाकाचा घेर 1.8 मीटर. छोट्या गाड्यांचे आकडे याच्या आसपास असतात. पहिल्यात (3.5 गुणिले 4.1) इंजिन 14 वेळा फिरलं की चाक जेमतेम एकदा फिरतं. म्हणजे 800 आरपीएमला गाडी ताशी 6 किलोमीटरने, भरभर चालणाऱ्या माणसाच्या चालीने, सरकते. पाचव्यात 2,500 आरपीएमला ताशी 82 चा वेग मिळतो. पण त्याच पाचव्यात ताशी 40 ने चालवलं तर इंजिन फक्त 1,200 च्या आसपास फिरत असतं आणि पाय कितीही दाबला तरी गाडी नुसती घुरघुरते. मोठ्या इंजिनाकडे जोर शिलकीत असतो, त्यामुळे चुकीचा गिअर खपून जातो. छोट्या इंजिनाकडे शिल्लक नसते. म्हणून छोट्या गाडीत गिअरबॉक्स जास्त महत्त्वाचा. महागड्या गाडीत जो आळशीपणा जाणवतही नाही, तोच इथे ओव्हरटेक करताना घाम फोडतो.

वरच्या हिशोबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. इंजिन कमीत कमी ताशी 6 च्या वेगाचं बोलतंय आणि गाडी तर उभी आहे, वेग शून्य. शून्य आणि सहा यांची गाठ घालायला मधे काहीतरी घसरणारं हवं. मॅन्युअलमध्ये ते काम क्लच करतो. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर दुसरी चकती हळूहळू टेकते, थोडी घासते, मग घट्ट चिकटते. हाफ क्लच म्हणतात तो हाच घासण्याचा क्षण. तुमच्या डाव्या पायाचं सगळं कसब त्या दोन सेंटीमीटरमध्ये असतं. आणि ऑटोमॅटिकच्या जाती वेगळ्या पडतात त्याही मुख्यतः इथेच, हे घासणं कोण आणि कसं सांभाळतं यावर.

मॅन्युअल आपल्या ओळखीचा आहे म्हणून त्याची परीक्षा घ्यायची राहून जाते. गाडी सुरू करण्याआधी सीट तुमच्या मापाला लावा आणि क्लच पार खाली दाबा. गुडघा किंचित वाकलेला आणि पाठ सीटला टेकलेली राहिली पाहिजे. कंबर पुढे सरकत असेल तर रोजच्या गर्दीत ती दुखणार, हे लिहून ठेवा. मग उभ्या गाडीतच क्लच वीस वेळा दाबा-सोडा. सेल्समन तुमच्याकडे विचित्र बघेल, बघू द्या. तासाभराच्या ट्रॅफिकमध्ये तो शंभरेक वेळा सहज दाबावा लागतो आणि शोरूमबाहेरच्या चकरीत जेमतेम आठ-दहा वेळा.

नंतर सपाट जागी पहिला गिअर टाकून, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता, क्लच अगदी सावकाश सोडा. गाडी न थरथरता आपल्या चालीने निघाली तर इंजिनाला खालच्या आरपीएमला जीव आहे. कचकच करून बंद पडायला आली तर गर्दीत रांगताना तुम्हाला सतत हाफ क्लचवर राहावं लागेल, आणि हाफ क्लचवर राहणं म्हणजे चकती झिजवणं. गिअरची दांडी दुसऱ्यात आणि तिसऱ्यात टाकताना कशी जाते तेही बघा, शक्यतो इंजिन थंड असताना. गिअरबॉक्समधलं तेल थंडीत घट्ट असतं आणि गिअरचा हट्टीपणा तेव्हाच कळतो. रिव्हर्स टाकताना 'कर्र' झालं तर लगेच नाक मुरडू नका. पुढच्या गिअरना वेग जुळवून देणारी सिंक्रोमेशची सोय असते. ती 1928 साली कॅडिलॅकने पहिल्यांदा आणली, पण बऱ्याच स्वस्त गाड्यांत रिव्हर्सला आजही नसते. क्लच दाबून क्षणभर थांबा, किंवा आधी पहिला टाकून मग रिव्हर्स टाका, आवाज जातो. त्यानंतरही गेला नाही तर विचारा.

आता ऑटोमॅटिक. लोक 'ऑटोमॅटिक घ्यावी का' असं विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो, कुठली? कारण या एका नावाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात आणि त्यांचं आपसात फारसं नातंही नाही. जाहिरातीत चौघांनाही 'क्लचची कटकट नाही' एवढंच विशेषण लागतं.

छोट्या गाडीत सगळ्यात स्वस्त पडते ती एएमटी. खरं तर ही मॅन्युअलच आहे. तोच गिअरबॉक्स, तीच क्लचची चकती. फरक इतकाच की क्लच दाबायला आणि दांडी हलवायला माणसाऐवजी छोट्या मोटर किंवा हायड्रॉलिक दट्टे बसवलेले असतात आणि त्यांना हुकूम संगणक देतो. गाडीत एक अदृश्य ड्रायव्हर बसलाय असं समजा. हा ड्रायव्हर क्लच कधी विसरत नाही, चुकीचा गिअर टाकत नाही, पण पुढचा रस्ता त्याला दिसत नाही. तुम्ही पाय दाबलाय एवढंच त्याला कळतं. समोर ट्रक आहे की चढ आहे, हे कळत नाही.

त्यामुळे एएमटीची दुखरी नस दोन ठिकाणी आहे. पहिली, जोरात पाय दाबलेला असताना गिअर बदलणं. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना आपण नकळत अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, म्हणून धक्का जाणवत नाही. एएमटीत तुमचा पाय तसाच दाबलेला असतो, संगणक मधेच क्लच तोडतो, चाकाकडे जाणारा जोर थांबतो, मान पुढे जाते, आणि गिअर पडल्यावर पुन्हा मागे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हे सगळ्यात जास्त. टेस्ट ड्राइव्हमध्ये दोन्ही प्रकारे चालवून बघा. आधी बिनधास्त पाय दाबून, आणि मग गिअर पडणार असं वाटलं की पाय किंचित हलका करून. दुसऱ्या पद्धतीत मान डोलणं बरंचसं जातं. ज्यांनी वर्षानुवर्षं मॅन्युअल चालवली त्यांना ही लय दोन दिवसांत सापडते. नव्याने शिकलेल्यांना 'ऑटोमॅटिक घेऊनही हे करायचं?' असा रास्त प्रश्न पडतो.

दुसरी नस म्हणजे चढ. आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या ओळखीतल्या एएमटीवाल्यांच्या निम्म्या तक्रारी चढावरच्या आहेत. चढावर ब्रेक लावून पूर्ण थांबा. मग ब्रेक सोडून पाय अ‍ॅक्सिलरेटरवर न्या. गाडीत हिल होल्ड असेल तर ती दोनेक सेकंद जागेवर धरून ठेवते, तेवढ्यात क्लच पकडतो. नसेल तर गाडी मागे सरकते, आणि मॅन्युअलमध्ये जो हाफ क्लच तुमच्या पायाच्या ताब्यात असतो तो इथे दुसऱ्याच्या ताब्यात असल्यामुळे जीव खालीवर होतो. अशा गाडीत हँडब्रेक ओढून, अ‍ॅक्सिलरेटर दाबून, गाडीने ओढ घेतली की हँडब्रेक सोडायचा, हे जुनं तंत्र परत काढावं लागतं. ते तुम्हाला जमतंय का तेही तिथेच करून बघा. एक चूक मात्र टेस्ट ड्राइव्हमध्येही करू नका: ब्रेक न लावता, अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून गाडी चढावर तोलून धरणं. आतमध्ये क्लच सतत घासत असतो. थोड्याच वेळात जळका वास येतो किंवा डॅशबोर्डवर क्लच तापल्याची सूचना दिसते.

सपाट जागी 'डी'मध्ये (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायची खूण) ठेवून ब्रेक सोडला तर गाडी आपोआप रांगते का, हेही तपासा. काही एएमटी रांगतात, काही पाय दाबेपर्यंत ढिम्म उभ्या राहतात. पार्किंगमध्ये इंच-इंच सरकताना हा फरक फार मोठा असतो.

सीव्हीटीत गिअरच नसतात. दोन पुल्या आणि त्यांच्यावरून जाणारा एक पोलादी पट्टा. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन शंकू. ते जवळ आले की पट्टा वर, रुंद घेरावर चढतो, लांब गेले की खाली उतरतो. एक पुली रुंदावते तेव्हा दुसरी अरुंद होते आणि प्रमाण सलग बदलत जातं, पायऱ्यांऐवजी घसरगुंडीसारखं. या कल्पनेची पहिली यशस्वी छोटी गाडी नेदरलँड्समधली डाफ 600, सन 1958 ची, हुब व्हान डोर्नेच्या डोक्यातून निघालेली. तिचे पट्टे रबराचे होते आणि ती जितक्या वेगाने पुढे जायची तितक्याच वेगाने मागेही. लोकांनी पुढे त्यावर उलट्या गाड्यांच्या शर्यती लावल्या, हे वेगळं सांगायला नको. आजच्या पट्ट्यात शेकडो पातळ पोलादी चकत्या ओवलेल्या असतात आणि गंमत म्हणजे तो ओढत नाही, ढकलतो.

चालवायला सीव्हीटी लोण्यासारखी. धक्का नाही, मान डोलणं नाही. गर्दीत तर तिच्याइतकं सुख क्वचित. तिची नस दिसते पूर्ण पाय दाबल्यावर. इंजिन एकदम वरच्या आरपीएमला जाऊन तिथेच किंचाळत बसतं आणि वेग आपल्या गतीने मागून येतो. घसरणारा क्लच असावा तसा भास होतो. बिघाड काही नसतो. त्या क्षणी इंजिन जिथे जास्तीत जास्त ताकद देतं तिथे सीव्हीटी त्याला धरून ठेवते, एवढंच. तरीही हा आवाज तुम्हाला रोज सोसेल का, हे कागदावरून ठरत नाही. म्हणून ताशी 40 वरून 80 पर्यंत पूर्ण पाय दाबून एकदा न्याच, खिडक्या बंद ठेवून. काही कंपन्या सीव्हीटीत खोट्या पायऱ्या घालतात, म्हणजे संगणक मुद्दाम गिअर पडल्यासारखं करतो. कानाला बरं वाटतं. मला स्वतःला त्यात थोडी फसवणूक वाटते, पण तो माझा स्वभाव झाला.

टॉर्क कन्व्हर्टर ही सगळ्यात जुनी आणि मुरलेली जात. तेलात समोरासमोर दोन पंखे, एक इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. पहिला तेल फेकतो, त्या झोतावर दुसरा फिरतो. मधला तिसरा छोटा पंखा परतणारं तेल वळवून जोर वाढवतो, गाडी निघतानाच्या क्षणी दुपटीच्या आसपास. निघताना मधे तेलच असल्यामुळे झिजायला घासती चकती नाही, म्हणून गर्दी आणि चढ दोन्ही ती न कुरकुरता झेलते. छोट्या गाडीत ती कमी दिसते कारण ती जड आणि महाग असते. टेस्टमध्ये एवढंच बघा की पाय खाडकन दाबल्यावर खालचा गिअर किती वेळाने पडतो. चार गिअरची जुन्या धाटणीची असेल तर दोन गिअरमधलं अंतर मोठं असतं आणि छोटं इंजिन त्या दरीत धापा टाकतं.

डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाली. एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. तिसऱ्यात चालताना चौथा आधीच तयार असतो. फोक्सवॅगनने 2003 मध्ये ही मोठ्या प्रमाणावर विकायच्या गाड्यांत आणली. मोकळ्या रस्त्यावर अफाट चपळ. पण कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या, क्लचची असेल तर बंपर टू बंपर रांगताना क्लच तापतो, आणि ताशी पाच-सातच्या वेगाला ती अडखळते. तेव्हा हिची परीक्षा हायवेवर नको, गर्दीतच घ्या.

अ‍ॅव्हरेजचं काय? 'ऑटोमॅटिक पेट्रोल पिते' ही समजूत जुन्या टॉर्क कन्व्हर्टरमुळे पडली. तेव्हा गिअर तीन-चारच असायचे आणि तेलातली घसरण थांबायची नाही. आता ठरावीक वेगानंतर दोन्ही पंखे लॉक होतात. एएमटीत तर गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, आणि संगणक आपल्यापेक्षा लवकर वरचा गिअर टाकतो, त्यामुळे तिचं अ‍ॅव्हरेज मॅन्युअलच्या बरोबरीला येतं, कधी पुढेही जातं. टेस्ट ड्राइव्हमध्ये स्क्रीनवर दिसणारा आकडा मात्र सोडून द्या. दहा मिनिटांत तो कुणाच्याच बाजूने साक्ष देत नाही.

गाडी मागताना एक हट्ट धरा: जी घ्यायची आहे तीच आवृत्ती चालवायला हवी. मला एका शोरूममध्ये सांगितलं होतं, "ऑटोमॅटिक सध्या नाही, मॅन्युअल चालवा, फील सेमच आहे." तो सेम नसतो, हे वरच्या सगळ्यावरून कळलंच असेल. दुसरं, एकटे जाऊ नका. घरातली तीन माणसं बरोबर न्या आणि एसी चालू ठेवा. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाचीच ताकद घेतो. 65 हॉर्सपॉवरच्या गाडीत चार माणसं आणि एसी म्हणजे जवळपास वेगळीच गाडी. मागच्या सीटवरच्या माणसाला धक्के विचारा, चालवणाऱ्याला ते कमी जाणवतात. जमलं तर मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक एकामागोमाग, एकाच रस्त्याने. त्या रस्त्यात एक चढ, एक स्पीडब्रेकर आणि थोडी गर्दी आहे एवढं बघा. लांब उतार असेल तर तोही घ्या. ऑटोमॅटिकला खालच्या गिअरमध्ये किंवा 'एल'सारख्या मोडमध्ये टाकल्यावर इंजिन गाडीला मागे खेचतं का, की सगळा भार ब्रेकवरच येतो, हे उतारावरच समजतं.

आणि डावा पाय. ऑटोमॅटिकमध्ये बसल्या बसल्या तो मागे ओढून सीटखाली नेऊन ठेवा किंवा बाजूच्या पायटेकणावर रोवा. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. पहिले दोन सिग्नल मनात घोकावं लागतं.

जुनी गाडी बघत असाल तर मॅन्युअलमध्ये चौथ्या गिअरला ताशी 50 वर पाय जोरात दाबा. आरपीएम झपकन चढलं आणि वेग तिथेच राहिला तर क्लच गेलेला आहे. सीव्हीटीत हळू वेगाला थरथर किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज ऐका आणि तिचं तेल कधी बदललं याची नोंद मागा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ब्रेक दाबून 'पी'तून (पार्किंग) 'आर'मध्ये (रिव्हर्स) टाका. दणका बसला किंवा गिअर पडायला दोन सेकंदांच्या वर वेळ लागला तर दुसरी गाडी बघा.

चक्कर संपली की गाडी सेल्समनच्या ताब्यात देऊ नका, स्वतः रिव्हर्स करून लावा, शक्यतो थोड्या उतरत्या जागेत. 'डी', 'आर', पुन्हा 'डी' करताना गाडी किती वेळ विचार करते ते इथे कळतं. एएमटी असेल तर दांडीकडे एकदा नीट बघा, बहुतेकांत 'पी' नसतोच. मग गाडी लावायची कशी? पाय ब्रेकवर, गिअर पडलेला, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, आणि मग इंजिन बंद. क्लच आपोआप चिकटून राहतो आणि इंजिनच गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये ठेवून उतरलात तर ती फक्त हँडब्रेकच्या भरवशावर उभी असते.